एकोणीस नंबरच्या झाडाची शून्यं

मल्लाप्पा कमते हा माणूस मला कधीच आवडला नाही. त्यालाही मी आवडले नाही. फरक एवढाच की तो ते तोंडावर सांगायचा आणि मी पुण्याची असल्यामुळे गोड हसून मनात ठेवायची. वयाने तो माझ्या वडिलांएवढा. समोर मी त्याला अहोजाहो करायची, मनातल्या मनात मात्र अरेतुरेच, आणि आता लिहितानाही तेच करणार आहे. उगाच खोटा आदर कशाला दाखवायचा?

बेंगळुरूच्या ज्या संशोधन संस्थेत मी काम करते, तिथे मल्लाप्पा फील्ड असिस्टंट होता. चोवीस वर्षं त्याने एकच काम केलं. चामराजपेटपासून जे. पी. नगरपर्यंत वड, पिंपळ आणि उंबर मिळून एक्केचाळीस झाडं ठरलेली. दर पंधरवड्याला पायी जाऊन ती बघायची. पालवी किती, पानगळ किती, आणि प्रत्येक झाडाच्या एका खुणेच्या फांदीवर फळं किती, ते मोजून वहीत लिहायचं. शहरातले बुलबुल, तांबट, कोकीळ, वटवाघळं या फळांवर जगतात. कुठलं झाड कधी फळतं हे कळलं तर पाखरांचं पोट कशावर चालतं ते कळतं. ही मोजणी ज्यांनी सुरू केली त्या मोठ्या मॅडम केव्हाच वारल्या. त्यांच्यानंतर संचालक तीन बदलले, विद्यार्थी तर किती आले नि गेले. मल्लाप्पा चालत राहिला.

मूळचा तो निपाणीजवळच्या एका खेड्यातला. तिथे तंबाखूच्या वखारीत राबायचा, मुकादमाशी भांडला आणि इकडे आला. संस्थेत माळी म्हणून लागला. फाटकाजवळचा पिंपळ कधी पालवतो हे तो आपणहून खिशातल्या डायरीत लिहून ठेवतो, हे मोठ्या मॅडमनी पाहिलं आणि त्याच्या हातातली कात्री काढून दुर्बीण दिली. एवढं एक सोडलं तर त्याच्याविषयी गोड सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. वॉचमनने गाडी सावलीत लावली तरी हा ओरडणार. कॅन्टीनचा चहा गोड झाला की भरला कप परत. नव्या विद्यार्थ्यांना तो 'विमानातनं शेत बघणारे' म्हणायचा, आणि मला 'पुण्याच्या बाई'. मारतहळ्ळीहून कॅबने येणारी, दिवसभर एसीत बसून आकड्यांवर हात फिरवणारी बाई. खरंच होतं ते, म्हणून जास्त लागायचं.

माझं काम डेटा सांभाळण्याचं. नवा नियम आला होता की संस्थेकडचा सगळा जुना डेटा जगाला खुला करायचा. वह्या स्कॅन करायच्या, आकडे फाइलीत भरायचे, ती फाइल सार्वजनिक भांडारात टाकायची. मग ब्राझीलमधल्या बाईला वाटलं तर ती वापरील, बिदरच्या कॉलेजातल्या पोराला वाटलं तर तो. मला हे काम मनापासून पटतं. कपाटात पडलेल्या वहीचा उपयोग फक्त वाळवीला.

पहिल्या दिवशी मी गेले आणि पुण्याच्या सवयीने म्हणाले, "काका, तुमच्या वह्या हव्या होत्या."

"काका कुणाला म्हणताय? मी तुमचा काका न्हवं. हितं सगळी मल्लाप्पाण्णा म्हणत्यात, तेवढं चालंल."

"बरं, मल्लाप्पाण्णा. वह्या इंटरनेटवर टाकायच्यात. कुणालाही वापरता येतील."

"कुणालाबी?"

"कुणालाही."

"ह्यो कोण कुणीबी? चोवीस वर्षं उन्हात हिंडालोय, कुठल्या झाडाखाली दिसला न्हाई मला कधी."

त्याच्या रागाला कारण होतं, हे मला नंतर कळलं. मागे एका विद्यार्थ्याने त्याच्या सात वर्षांच्या नोंदी नेल्या, त्यावर प्रबंध लिहिला आणि शेवटच्या पानावर 'स्थानिक कर्मचाऱ्यांचे' आभार मानले. मल्लाप्पाने ते पान कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. त्याला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, इंग्रजी येत नाही. तेव्हापासून वह्या त्याच्या घरी गेल्या, त्या गेल्याच.

चार महिने मी डोकं आपटलं. पत्रं दिली. पद्मनाभ सरांकडून, म्हणजे आमच्या संचालकांकडून, समज देवविली. तो सरांना कन्नडमधला होकार भरत म्हणाला, "सरी सर, बघूया," आणि काहीही बघितलं नाही. शेवटी मी माझ्याकडचं एकच खणखणीत नाणं काढलं. म्हटलं, "डेटावर लेखक म्हणून तुमचं नाव घालते."

"कितवं?"

"पहिलं. संचालकांच्याही आधी."

तो दुर्बिणीची काच पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे निरोप आला: शनिवारी घरी या, वही दाराबाहेर जाणार नाही.

चामराजपेटेतल्या त्याच्या दीड खोलीत मी तीन शनिवार बसले. अठ्ठेचाळीस वह्या. मी पान उलटायची, छोटा स्कॅनर फिरवायची आणि मल्लाप्पा समोर पाटावर बसून माझ्या बोटांकडे बघायचा. त्याची बायको तानूबाई चहा आणायची, तर तिला म्हणायचा, "लांब ठेव. वही हाय." अक्षर सुरेख, पण पानापानावर मळकट लाल ठिपके. मला वाटलं, घरात देवदेव चाललेला असतो, कुंकवाचे हात न धुता वही धरत असेल. किळस आली थोडी. स्कॅनर मी काळ्या-पांढऱ्यावर ठेवला होता, कारण रंगीत फाइली फार जड होतात. डागांचा लाल रंग दिसणार नाही याचं उलट बरंच वाटलं. तिसऱ्या शनिवारी एका पानाचा कोपरा माझ्याकडून दुमडला, त्यावरून तो इतका बोलला की तानूबाईच मध्ये पडली. मी सामान उचललं आणि ठरवलं, या माणसाशी पुन्हा शब्द बोलायचा नाही.

आता माझ्या चुकीचं सांगते. स्कॅनवरचे आकडे संगणकाने वाचले आणि संशयास्पद नोंदींची यादी काढून दिली. तिच्यात झाड क्रमांक एकोणीस होतं. जे. पी. नगरमधला उंबर. पालवी, पानगळ सगळं नीट, फळांच्या रकान्यात मात्र सलग सहाशे एकवीस शून्यं. अशा वेळी नियम साधा असतो: ज्याने लिहिलं त्याला विचारायचं. एक फोन. पण तो फोन मल्लाप्पाला करायचा होता, आणि दुमडलेल्या कोपऱ्याचं भांडण होऊन चार दिवसच झाले होते. मी स्वतःला म्हटलं, असतं एखादं झाड वांझ. आणि 'तपासले' या चौकटीत खूण केली.

डेटा खुला झाला. कबूल केल्याप्रमाणे पहिलं नाव मल्लाप्पाचं. त्या पानाची छापील प्रत मी त्याच्याकडे पाठवणार होते, पण तो स्वतःच आला.

"ह्यातलं माझं नाव कंचं?"

मी बोट ठेवलं. त्याने ते इंग्रजी अक्षर न् अक्षर बघितलं, खिशातून पेन काढून तळहातावर तसंच उतरवलं, आणि ते पान घेऊन, आभार न मानता गेला. पुढे कळलं की त्याने ते पान प्लास्टिकमध्ये घालून घरी दत्ताच्या तसबिरीशेजारी लावलं आहे. मी जिंकले असं मला वाटलं.

आठ महिन्यांनी तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला. हातात फोन, फोनवर फोटो. जे. पी. नगरमधल्या उंबराच्या खोडावर चिकटवलेली कन्नड नोटीस.

"वाचता येत न्हाई न्हवं? थांबा स्वल्प, मी वाचतो." आणि त्याने एकेक ओळ मराठीत सांगितली. रस्ता रुंद करायचा आहे. मध्ये येणाऱ्या झाडांची एका सल्लागार कंपनीने पाहणी केली आहे. या उंबराला पक्ष्यांच्या दृष्टीने काही मोल नाही, कारण अमुक संस्थेच्या मल्लाप्पा कमते यांच्या खुल्या नोंदींनुसार चोवीस वर्षांत या झाडाला एकही फळ धरलेलं नाही. सबब झाड काढण्यात येईल. हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावी.

"मी लिवलं असं? दावा मला."

मी फाइल उघडली. शून्यांची रांग खाली खाली जात होती. त्याने पिशवीतून वही काढली आणि तेच पान माझ्यापुढे आपटलं. एकोणीस नंबर. पालवीच्या रकान्यात आकडा. फळांच्या रकान्यात लाल ठिपका. पुढच्या पानावर ठिपका. त्याच्या पुढच्या पानावरही.

"ह्यो शून्य हाय?"

हात न धुतल्याचे डाग नव्हते ते. उंबराखाली कट्टा आहे, कट्ट्यावर नागाचे दगड आणि दत्ताच्या पादुका. मल्लाप्पाचं घराणं वाडीच्या दत्ताचं. त्यांच्यात देवाचं मोजत नाहीत. उंबराखाली देव बसला की त्या उंबराची फळं मोजायची नाहीत. त्याची आई भाकरीसुद्धा मोजून थापत नसे, मोजलेलं सरतं म्हणून. मोठ्या मॅडमना त्याने पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, मोजू नकोस, पण आला होतास एवढी खूण कर. तेव्हापासून पादुकांवरच्या कुंकवात बोट बुडवून तो रकान्यात टेकवायचा. अर्थ एवढाच: आलो होतो, मोजलं नाही. मोठ्या मॅडमना माहीत होतं. त्या गेल्या. मग ते फक्त मल्लाप्पाला माहीत होतं, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

"स्कॅन काळा-पांढरा होता," मी म्हटलं. "लाल ठिपका गोल काळा दिसला असणार."

"रंग कशापायी काढला?"

"फाइल जड होते."

"जड हुती," तो म्हणाला. "आणि मला इचारायला काय झालतं? तोंड शिवलंतं तुमचं?"

तेव्हा मी चूक कबूल करायला हवी होती. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "रकान्यात भलत्या खुणा तुम्ही करायलाच नको होत्या."

त्याने वही मिटली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हरकत नोंदवली ती संस्थेने. पद्मनाभ सर म्हणाले, पुरावा लागेल, निदान आत्ताची तरी मोजणी हवी. मल्लाप्पा म्हणाला, मी मोजणार नाही. झाड तुटलं तरी? तरी. मग कोण? त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्या देवाची काय हरकत नसंल."

रविवारी सकाळी मी उंबराखाली उभी राहिले. मल्लाप्पा कट्ट्यावर बसला, झाडाकडे पाठ करून. बारा वर्षं मी झाडांचे आकडे सांभाळते आहे. झाड मोजायची ही माझी पहिलीच वेळ. फांदीवर फळांचे घोसच्या घोस, हिरवी, पिवळी, लाल. बुलबुल येऊन खाऊन जायचे आणि माझा हिशेब पुसला जायचा. पायाखाली पिकलेल्या उंबरांचा चिखल, त्यात माझे पांढरे बूट. चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा मी पुटपुटायला लागले.

"तोंडातनं आकडा काढू नका," मागे न बघता तो म्हणाला.

मी मनात मोजायला लागले. मान आखडली, डोळ्यांत पाणी आलं. वहीत आकडा लिहिला, तशी पुन्हा त्याची पाठ बोलली, "फांदीच्या पोटाकडनं बघितलं?"

नव्हतं बघितलं. पलीकडे गेले. खालच्या बाजूला जवळजवळ तितकीच होती. आधीचा आकडा खोडून दुसरा लिहिला: दोनशे बारा. त्याने तो पाहिला नाही. वही हातात घेतानाही नजर दुसरीकडे ठेवली, आणि उठता उठता कुंकवात बोट बुडवून माझ्या आकड्याशेजारी टेकवलं.

सुनावणी वॉर्ड ऑफिसात होती. झाडांचे अधिकारी, सल्लागार कंपनीचा माणूस, सर, मी आणि मागच्या बाकावर मल्लाप्पा. सगळं कन्नडमध्ये, पण बेंगळुरूतल्या सहा वर्षांत मला समजण्याइतपत येऊ लागलं आहे. कंपनीचा माणूस हुशार होता. तो म्हणाला, तुमचाच डेटा म्हणतो चोवीस वर्षं शून्य. आज तुम्ही एका दिवसाचा कागद आणता. ही सहाशे शून्यं चुकीची असतील, तर बाकीच्या चाळीस झाडांचे आकडे तरी बरोबर कशावरून? एक तर झाड वांझ आहे, नाही तर तुमचा सगळा डेटा कचरा आहे. काय ते सांगा.

सर माझ्याकडे बघायला लागले. ही माझी जागा होती. एक वाक्य पुरेसं होतं: वही बरोबर आहे, वाचणारी चुकली. मी शब्द जुळवत राहिले. कन्नड नीट येत नाही, अशी सबब मी स्वतःला दिली. त्या अधिकाऱ्यांना हिंदी उत्तम येत होतं.

मल्लाप्पा उठला. "बाकीची चाळीस बरोबर आहेत," तो म्हणाला. "हे एक मी मोजलं नाही. लांब पडायचं. काम चुकवलं. लिहून घ्या."

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. कुणालाही नवल वाटलं नाही. कंपनीच्या माणसालाही नाही. एका वाक्यात प्रश्न मिटला: या झाडाच्या नोंदी ग्राह्य नाहीत, एक वर्ष नव्याने मोजणी व्हावी, तोवर झाड राहील.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. "असं का सांगितलंत? चूक तुमची नव्हती."

"मग तुम्ही का गप बसलासा?" तो म्हणाला, "कुंकू म्हटलं असतं तर सगळी हसली असती. संगणक म्हटलं असतं तर चार महिने चौकशी. कामगारानं काम चुकवलं म्हटलं की सगळ्यास्नी लगीच पटतंय. तुम्हालाबी पटलं असतं." आणि तो बस पकडायला निघून गेला.

डेटात दुरुस्ती टाकायची होती. तिच्यासोबत काय चुकलं याची टीप द्यावी लागते. सर म्हणाले, सुनावणीच्या कागदावर जे आहे तेच लिही, दोन ठिकाणी दोन गोष्टी नकोत. मी लिहिलं, इंग्रजीत: झाड क्रमांक १९ च्या फळांच्या नोंदी, क्षेत्र सहायक मल्लाप्पा कमते यांनी मोजणी न केल्यामुळे, रद्द करण्यात येत आहेत. वाक्य स्वच्छ होतं. माझ्या नोकरीला धक्का नव्हता. प्रसिद्ध करण्याचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यात मल्लाप्पा आला. त्या महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. दुर्बीण परत करायला आला होता.

दुर्बीण टेबलावर ठेवून तो पडद्याकडे बघत म्हणाला, "त्या झाडाचं लिवलासा?"

"हो."

"वाचा मराठीत."

मला वाचवेना. मी पडद्याकडे बघितलं आणि जे तिथे नव्हतं ते मोठ्याने म्हणाले, "झाड क्रमांक एकोणीसच्या नोंदी, वही वाचताना आमच्या कार्यालयाकडून चूक झाल्यामुळे, रद्द करण्यात येत आहेत."

तो पुढे वाकला. चष्मा कपाळावर सरकवला. शाईचे डाग पडलेलं एक जाड बोट पडद्यावर ओळीत पुढे पुढे गेलं आणि मध्येच थांबलं. तळहातावर उतरवून घेतलेली, दत्ताशेजारी लावलेली ती अक्षरं. इंग्रजीतलं तेवढं एकच नाव त्याला वाचता येत होतं, आणि ते मीच शिकवलं होतं.

"चूक कार्यालयाची," तो म्हणाला, "मग माझं नाव हितं काय करतंय?"

मी कर्सर त्या नावावर नेला.

"काढा ते."

"टिपेतून काढते. पण मल्लाप्पाण्णा, डेटावरचं पहिलं नाव..."

"तेबी काढा."

"ते नाही निघत. एकदा खुलं केलं की जुनी प्रत कायम तशीच राहते. शून्यांसकट."

"माझ्या नावानं?"

"तुमच्या नावाने."

खुर्ची ओढून तो बसला. आजवर तो माझ्या खोलीत कधी बसला नव्हता. म्हणाला, "मग टीप तरी खरी लिवा. मी बघतो."

मी ओळ खोडली. लिहिलं: वहीतील नोंद 'मोजले नाही' अशी होती. ती शून्य म्हणून वाचली गेली. शंका आली असतानाही नोंद करणाऱ्यास विचारले नाही. चूक उल्का परांजपे यांची.

"ह्यात तुमचं नाव कंचं?"

मी बोट ठेवलं. त्याने खिशातून पेन काढलं, माझं नाव अक्षर न् अक्षर तळहातावर उतरवलं, पडद्याशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "दाबा."

मी बटण दाबलं. तो उठला आणि चहा न घेता गेला. पंधरवड्याला रविवारी मी आता उंबराखाली जाते. तो कट्ट्यावर पाठ करून बसलेला असतो. आम्ही बोलत नाही.